टेकडीवरची मेख

चोकचेरीची रानफळं वेचायला म्हणून रुफसने आजीला घोडागाडीत बसवलं होतं. नदीपाशी आल्यावर मात्र म्हातारीने झुडपांकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"टेकडीवर घे," ती म्हणाली.

रुफसने लगाम खेचला. त्या टेकडीवर शायान जमातीतलं कुणी घोडंसुद्धा चारत नसे.

आजीचा थोरला भाऊ तिथेच लढताना पडला होता. निळ्या गणवेशातले गोरे शिपाई मागे लागले, तेव्हा प्रमुखांनी बायकापोरांना, त्यात लहानग्या आजीलाही, नदीपार काढलं आणि 'श्वानवीर' म्हणवणाऱ्या लढवय्यांच्या जथ्यातल्या या गड्याने खांद्यावरच्या पट्ट्याचं टोक मेखेने जमिनीत ठोकून वाट अडवली. ठोकलेली मेख आपल्या हाताने उपटायची नाही. जथ्यातल्या कुणी ती उपटून त्याला कुत्र्यासारखं हाकललं, तरच त्याने हटायचं. पण उपटणारे त्याच्या आधीच पडले. नदीपार गेलेल्या पोरांना नातवंडं झाली आणि तो मेल्यावरही अजून तिथे उभाच होता. आजीची छाती हल्ली भात्यासारखी वाजे. त्याला सोडवल्याशिवाय तिला मरायचं नव्हतं. रुफस याच उन्हाळ्यात जथ्यात आला होता, म्हणजे मेख उपटायचा हक्क आता त्याला होता.

वर वारा पडलेला. बंदुकीच्या दारूचा वास आला. महायुद्धात फ्रान्सच्या खंदकात रुफसने तो पोटभर घेतला होता. मग पट्टा ताणल्याची करकर... आणि पाठमोरा तो, जेमतेम विशीतला.

"आजोबा... चला ना आता..."

तो हलला नाही. हवा गारठली.

"विनवतोस काय मेल्या!" आजी कुजबुजली. तिने तोंड फिरवलं होतं. शायानांत वयात आलेली बहीण भावाशी थेट बोलत नाही. "त्याला सांग, बहीण पोचली म्हणावं. आणि हाण!"

"वडीलधाऱ्यावर हात..."

"हाण!"

रुफसने मेख उपटली. हात बधिर झाला. गाडीचा चाबूक उगारून तो ओरडला, "हाड्! हाड् कुत्र्या! बहीण पोचली तुझी, सगळे पोचले! जिंकलास तू! चालता हो!"

चाबूक कशाला तरी लागला. श्वानवीर वळला, खदखदून हसला आणि उतारावरून धावत सुटला. गवत नदीपर्यंत वाकत गेलं.

आजीने जीभ थरथरवत विजयाची ललकारी दिली. अभिमानाने रुफसला रडू फुटलं. एवढ्यात पलीकडच्या ओसाड काठावरून असंख्य बायकांनी तशीच ललकारी दिली.

आजी कान देऊन ऐकत राहिली. "ही माझी आई," ती हळूच म्हणाली. "ही मावशी..." मग जराशी थांबली.

"आणि ती बारीक आवाजाची... रुफस, ती मीच आहे रे."