सही करायला घरात कोणी नसतं

मी खोटं बोलणारा माणूस नाही, असं लिहिणार होतो. पण या हकिकतीत मी एक खोटं बोललो आहे आणि सगळं तिथूनच सुरू झालं. बाकीचं घडलं तसं लिहितो. विश्वास ठेवा असं तरी कसं म्हणू? मलाच अजून नीट ठेवता येत नाही.

यंदाचा मार्च महिना. दुसऱ्या मजल्यावरचं आमचं घर. भर दुपार.

घरात मी एकटा.

ही जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलीकडे राहायला जायचं ठरलं होतं. तिथे पुस्तकांसाठी एकच कपाट मिळणार होतं आणि आमच्याकडे होती अकरा. म्हणून मुलीने मला ऑनलाइन लिलावात पुस्तकं विकायला शिकवलं.

पहिलंच पुस्तक मी साध्या टपालाने पाठवलं. घेणारा म्हणाला, मिळालंच नाही. पुस्तकही गेलं आणि पैसेही परत करावे लागले.

"बाबा, किती भोळे हो तुम्ही!" मुलगी फोनवर म्हणाली. "थोडे जास्त पैसे जाऊ देत, पण सहीचं टपालच करायचं. घेणाऱ्याची सही असली तरच लिलावाची कंपनी तुमच्या बाजूने उभी राहते. पाठ करून ठेवा."

मी पाठ केलं. पाठांतर तेवढं मला जमतं.

बरीच पुस्तकं तशी गेली. मग एका जाड कादंबरीची पाळी आली.

आमच्या घरात एक रीत होती. नवं पुस्तक आलं की आधी ही वाचणार, मग मी. मी मधेच पळवू नये म्हणून ही पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवायची, "संपलं की देते." ही कादंबरी तिची अर्धवटच राहिली. एकशे बाराव्या पानावर बसचं तिकीट खूण म्हणून तसंच होतं. मी ती कधी वाचली नाही. माझी पाळी आलीच नव्हती.

ते पहिलं पान मी ब्लेडने कापून घेतलं. अगदी सफाईने. आणि लिलावात लिहिलं, "सर्व पाने आहेत."

हेच ते खोटं.

दुसऱ्याच दिवशी बोली लागली. घेणाऱ्याचं नाव नव्हतं, नुसता खात्याचा आकडा आणि एक अनोळखी पत्ता. निरोप आला होता...

"साध्या टपालाने पाठवा. सही करायला घरात कोणी नसतं."

मी ऐकलं नाही. सहीचंच पाठवलं.

आठ दिवसांनी पोचपावती आली. सही पेन्सिलीने केली होती. एक वळण, खाली टिंब. शेजाऱ्यांची पार्सलं घेताना ही अशीच सही करायची, कंटाळून.

असेल कुणाचीही. माझे डोळे आता काय कामाचे?

त्याच दुपारी अडीच वाजता मी आडवा झालो होतो. आतल्या खोलीतून आवाज आला...

पान उलटल्याचा.

उठून पाहिलं. खिडकी बंद. पंखा बंद. खोलीत फक्त हिची खुर्ची.

रोज तेच. थोडा वेळ शांतता, मग एक बारीकसं "हं", मग पान. मी उठून बघणं सोडून दिलं. या वयात दमायला तेवढंही पुरतं.

पाचव्या दिवशी घेणाऱ्याचा दुसरा निरोप आला...

"अहो, खूण जागेवर होती, बरं झालं. पण पहिलं पान कुठे आहे?"

मी मुलीला फोन केला.

"तक्रार आहे का? असू दे," ती म्हणाली. "आपल्याकडे सही आहे. फोटोचा पुरावा मागा."

"अगं, पण पान मीच..."

"बाबा! प्रत्येक गोष्ट कबूल करायलाच हवी का?"

मी पुरावा मागितला. उत्तर आलं नाही. कंपनीने निकाल माझ्या बाजूने दिला.

"जिंकलात की!" मुलगी म्हणाली. तीन वर्षांत मला इतकं हरल्यासारखं कधी वाटलं नव्हतं.

हिच्या हातचं तेवढंच एक अक्षर माझ्याकडे उरलं होतं. बाकीची पुस्तकं तशीच विकली गेली होती, पहिल्या पानांसकट. तरीही मी ते पान पाकिटात घातलं आणि टपाल कचेरीत गेलो.

"साधं की सहीचं, काका?" खिडकीवरच्या बाईंनी विचारलं. "तुमचं नेहमी सहीचंच असतं."

"साधं," मी म्हणालो. "तिथे सही करायला कोणी नसतं."

आतल्या खोलीतली पानं चालूच राहिली. मग एका दुपारी ओळीने पाच-सहा पानं भराभर उलटली. शेवट जवळ आला की ही अशीच वाचायची, श्वास रोखून.

आणि मग...

जाड पुस्तक मिटल्याचा आवाज.

त्यानंतर घर असं शांत झालं की मला माझं घड्याळसुद्धा ऐकू येईना.

चार दिवसांनी पोस्टमन आला. हातात पार्सल.

"आजोबा, सहीचं आहे. करा इथे."

पाठवणाऱ्याच्या जागी तोच आकडा. कागद माझाच, मी कादंबरी बांधली होती तोच, उलटा करून गुंडाळलेला. कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं होतं...

"संपलं."

माझा हात पुढे गेलाच नाही. "उद्या या," म्हणालो. दुसऱ्या दिवशी तो बेल वाजवत राहिला आणि मी दाराआड उभा राहिलो. जाताना त्याने चिठ्ठी सरकवली. उद्या तिसरी आणि शेवटची खेप. मग पार्सल परत जाईल.

आतल्या खोलीत अजूनही काहीच वाजलेलं नाही. पण आज दुपारपासून हिची खुर्ची दाराकडे वळलेली आहे. मी वळवलेली नाही. निदान मला तसं आठवत नाही.

उद्या बेल वाजली की गप्प बसावं म्हणतो. पोस्टमनला वाटेल, घरात सही करायला कोणी नाही.

पण हिच्यापुढे माझं खोटं कधी टिकलंच नाही.