आठवा हूक

खरं प्रेम अतूट असतं. शिडाचा टाकाही अतूट असतो, आणि मामांचं शिडांचं दुकान तर त्याची पाच वर्षांची लेखी हमी देतं. म्हणूनच जनावरांचा डॉक्टर चार महिन्यांत पाचव्यांदा शीड खांद्यावर टाकून दुकानात शिरला, तेव्हा सुईबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मामांच्या दुकानात शिडं शिवणाऱ्या या भाचीचं सुईबाई हे खरं नाव नव्हे. धक्क्यावरचे सगळे तिला तसं म्हणत, आणि सत्तावीस वर्षांच्या मुलीला बाई का म्हणायचं, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

पहिल्यांदा तो आला तो केवळ भुरभुर पाऊस चुकवायला. दुकानातली मांजर त्याने उचलली, तिच्या कानावरचे टाके पाहिले, खिशातून इवलीशी कात्री काढली आणि — टुक, टुक, टुक — टाके काढून टाकले. मांजरीला कळलंसुद्धा नाही. सुईबाईला कळलं... जरा जास्तच. दुसऱ्या दिवशी तो आपल्या बोटीचं शीड घेऊन हजर. एक हूक सुटला होता.

मग हूक सुटतच राहिले. पुढचं शीड अकरा पितळी हुकांनी बोटीच्या तारेला अडकतं. ते तिने हाताने शिवायचे, आणि महिन्याभरात एक तरी गळायचाच. हूक डॉक्टरच्या खिशात, धागा गायब. सुईबाईचे टाके कच्चे, अशी धक्क्यावर कुजबुज सुरू झाली. गेल्याच आठवड्यात मामा म्हणाले होते, "बाळ, सोमवारपासून तू फोनवर बस. शिवायला दुसरं कुणी बघतो." आठ वर्षं शिडं शिवलेली मुलगी, आणि फोनवर!

"आता काय सुटलं?" तिने मान वर न करता विचारलं.

"काही नाही. सगळेच काढून टाका."

"म्हणजे?"

"रोलर बसवतोय. मागे सुकाणूपाशी बसून दोरी ओढली की शीड तारेभोवती पडद्यासारखं गुंडाळलं जातं. कडेला नुसता दोरीचा गोट शिवून द्या. हूक नकोत."

"माझे नकोत, असं सरळ म्हणा ना! पडदा हवाय म्हणे. झालरही लावू का खाली?"

"चिडलात?"

"मी? मी कशाला चिडू!"

"नाकाचा शेंडा लाल झालाय."

"धुळीने होतो."

"चिडल्यावर तुम्ही —"

"वाक्य पुरं केलंत तर हीच सुई..."

तो मांजर मांडीवर घेऊन बसला.

ती तणतणत हूक उसवू लागली. सात निघाले. आठवा अर्धवट लोंबत होता. तिने तो उजेडात धरला. उन्हाने, मिठाने कुजलेला धागा पिंजतो. त्याला मिशा फुटतात. याला मिशा नव्हत्या. गाठीच्या मुळाशी एकच तिरपा काप. असा काप तिने याआधी एकदाच पाहिला होता — मांजरीच्या कानावर.

"डॉक्टर."

"हं?"

"कात्री दाखवा."

त्याचे कान तिच्या नाकापेक्षा लाल झाले.

"पाचही वेळा?"

"चार. पाचव्यांदा अर्ध्यावर हात थांबला. तुम्हाला फोनवर बसवणार, असं कानावर आलं. म्हटलं, हूकच नसले तर तुमच्यावर बोल यायचा नाही."

"वा! अब्रू कात्रीने कापलीत, आणि आता तिच्यावर पडदा घालताय?"

"यायला काहीतरी कारण लागतं हो! धडधाकट शीड घेऊन कोण येतं?"

"रिकाम्या हाताने यायचं! आवडता म्हणायचं आणि मोकळं व्हायचं! एका शब्दाचं काम, आणि चार महिने माझे टाके..."

"आवडता," तो म्हणाला. "फार... आवडता."

सुई हवेत राहिली. बाहेर कुणाची तरी दोरी डोलकाठीवर टणटण वाजत होती. सुईबाईला एकाएकी आपल्या हातांचं काय करावं ते कळेना.

"मामांना सांगा," ती शेवटी म्हणाली.

"आवडता, हे?"

"आधी कात्रीचं! मग ते. क्रम चुकवू नका."

मामा मागच्या खोलीतून चष्मा कपाळावर सारत आले. त्याने क्रमाने सांगितलं. मामांनी सगळं ऐकून घेतलं.

"सोमवारचं रद्द," ते तिला म्हणाले. मग त्याच्याकडे वळले. "कात्री इथे ठेव. आणि बसलाच आहेस तर कापड धर."

दुपारभर त्याने कापडाचं दुसरं टोक धरलं. तिने गोट शिवला. गुंडाळलेल्या शिडाला ऊन लागू नये म्हणून कडेने निळी पट्टीही घातली. टाका टाका सरळ... अधूनमधून नजर तेवढी वर जायची. प्रत्येक वेळी तो तिच्याकडेच बघत असायचा. "कापडाकडे बघा," ती फणकारायची, आणि खाली मान घालून हसायची.

रविवारी दोघांनी शीड चढवलं. मागे सुकाणूपाशी खेटून बसून, चार हातांनी मिळून दोरी ओढली. शीड सुरेख गुंडाळलं गेलं. निळी पट्टी बाहेर यायला हवी होती. ती आत गेली.

पट्टी उलट्या बाजूला शिवली होती. ही चूक दुकानाच्या पाच वर्षांच्या हमीत बसत होती.