टेस्ट क्लिप

जुन्या जालन्यातल्या अभ्यासिकेची लाईट गेली आणि इन्व्हर्टरवर चालणारा एकच प्लग उरला. दैवशालाने लॅपटॉपची वायर लावायला हात पुढे केला, तेवढ्यात दुसरा एक हात तिथे आला… आणि लाजून मागे सरला.

"त… तुम्ही लावा," तो म्हणाला.

त्याचं नाव कल्याण. धावड्याहून स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला आलेला. त्याच्या स्क्रीनवर मात्र मोबाईलवरच्या एका गोळीबाराच्या गेमचे आकडे होते. दैवशालाला हसू आलं. ती अंबडची, इथल्याच एका स्टुडिओत लग्नांचे व्हिडिओ एडिट करायची. तिने विचारलं तेव्हा त्याने अडखळत, पण डोळ्यांत चमक आणून सांगितलं, की खेळाडूंचे आकडे दाखवणाऱ्या साइट्स ढीगभर आहेत, पण एक साइट नेमाची टक्केवारी वाढवून दाखवते, दुसरी हरलेले डाव मोजतच नाही. भरवशाची कुठली, हे पोरांना कुणी सांगत नाही.

"मंग तुम्हीच सांगा की. चॅनेल काढा," ती म्हणाली.

कॅमेरा समोर आला की आपलं तोंडच उघडत नाही, असं तो खाली बघत म्हणाला.

त्यावर तिनेच उपाय सुचवला. एआय अवतार. फोटो द्यायचा, मजकूर लिहायचा. आपला चेहरा आपोआप बोलतो. अशी टूलंही बरीच होती. मग काय, गेमच्या साइट्सबरोबर त्यांचीही तुलना करायची ठरली, आणि दुपारी स्टुडिओतलं काम संपवून ती रोज अभ्यासिकेत येऊ लागली.

एका टूलमध्ये ओठ आधी हलायचे, आवाज मागून यायचा. दुसऱ्याला 'ळ' म्हणता येत नव्हता. ते 'वेळ'चा 'वेल' करायचं. टेस्टसाठी दोघं काहीबाही लिहून एकमेकांना क्लिपा पाठवायचे. कल्याणचा अवतार बातम्या दिल्यासारखा गंभीर चेहरा करून सांगायचा, "दैवशालाबाईंनी अजून चहा पाजलेला नाही." तिचा अवतार उत्तर द्यायचा, "कल्याणराव कंजूस आहेत." बाजूची पोरं माना वर करून बघायची. ही दोघं ओठ दाबून हसायची. कधी 'तुम्ही'चं 'तू' झालं, कळलंही नाही.

एकदा चहा पिताना तो म्हणाला, "सगळे माझा शब्द मधीच पुरा करतात. तू करत न्हाईस."

"तुझा हाय तो. मी कशाला घेऊ?"

तो तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या हातातला कप तसाच राहिला. तिने ओढणी सारखी केली… उगाच.

चॅनेल चालू लागलं. पोरं प्रश्न विचारू लागली. आणि तिचं काम बघून पुण्याच्या एका कंपनीने तिला नोकरीला बोलावलं. तिने ते सांगितलं तेव्हा कल्याण "च… चांगलं हाय" एवढंच म्हणाला आणि लवकर निघून गेला.

संध्याकाळी त्याची क्लिप आली.

"दैवशाला, पुण्याला जाऊ नको असं मी म्हणणार नाही. पण जाण्याआधी एवढं ऐकून घे. मला तू आवडतेस. माझ्याशी लग्न करशील?"

तिने ती पुन्हा पुन्हा बघितली. ही टेस्ट नाही, हे तिला पहिल्या वाक्यालाच कळलं होतं. पण तो आवाज… कुठे अडत नव्हता, कुठे श्वास घेत नव्हता. हे तिला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं, कितीही वेळ लागला तरी. जरा चिडवलं तर उद्या स्वतः येऊन बोलेल, असं तिला वाटलं. तिने लिहिलं, "ओठ बराबर जुळले. आवाजबी साफ. हेच टूल घेऊ."

तो काहीतरी लिहीत असल्याचं बराच वेळ दिसत राहिलं. मग फक्त अंगठा आला.

दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा भेटला, साइट्सबद्दल बोलला. ती वाट बघत राहिली. निघायच्या दिवसापर्यंत बघत राहिली.

पुण्याहूनही ती चॅनेलचे व्हिडिओ एडिट करून द्यायची. कामापुरते निरोप व्हायचे. पुढच्या दिवाळीला ती अंबडला आली, तेव्हा त्याने जालन्याच्या बसस्टँडवर भेटायला बोलावलं. त्याची भोकरदनकडची सोयरीक जमली होती. फोनवर सांगणं त्याला बरं वाटलं नव्हतं. तिने अभिनंदन केलं. चहा आला.

"ती क्लिप टेस्ट नव्हती," तो कपाकडे बघत म्हणाला.

"मला माहीत होतं."

त्याने वर बघितलं. "मंग?"

"तुझ्या तोंडून ऐकायचं होतं, कल्याण."

त्याने कप खाली ठेवला. "मी दुसऱ्या दिवशी ब… बोलायलाच आल्तो. पण वाटलं, तू मला न दुखवता नकार दिलास. मंग पुन्हा कशाला तरास द्यायचा…"

"एकदा विचारायचं तरी."

"तू बी," तो हळूच म्हणाला.

अंबडची बस लागली. त्याने तिची बॅग वर ठेवली, खिडकीची जागा धरून दिली, खाली उतरून काचेशी उभा राहिला. तो रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं. पण त्याने फक्त विचारलं, घरून कुणी घ्यायला येणार आहे का. तिने मानेनेच हो म्हटलं. बस सुटली तरी ती हसत होती, तो दिसेनासा होईपर्यंत. अंबड चौफुली मागे पडली, तेव्हा कंडक्टर तिकिटाला आला आणि तिला गावाचं नाव सांगता येईना.