कर्ण्यातून आलेलं उत्तर

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. शहात्तर सालचा फेब्रुवारी असावा. गंगावेशीत माझं रेडिओ आणि अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान होतं. एका सकाळी ईरप्पा आला. साइडकार जोडलेल्या जुन्या मोटरसायकलवरून तो गावोगाव पुकारा करत फिरायचा. कुस्त्यांचं मैदान, नवा सिनेमा, नळ बंद, काहीही. साइडकारमध्ये माणसाच्या जागी बॅटरी, व्हॉल्व्हचा अँप्लिफायर आणि वर पत्र्याचा छोटा कर्णा.

"मिस्त्री, आवाज वाढवा. दोन मैलांवर गेला पायजे."

"कुस्तीला एवढा कशाला?"

"कुस्तीला न्हवं. अक्काला."

त्याची थोरली बहीण अक्काताई नऊ वर्षांपूर्वी जोतिबाच्या यात्रेत हरवली होती. त्या दिवशी ईरप्पा घसा फुटेस्तोवर तिच्या नावानं ओरडला. पण गर्दीत त्याचा कर्णा पन्नास हातांपलीकडं पोचला नाही. ते त्याच्या मनात रुतून बसलं होतं.

मी दोन दिवस काम केलं. ट्रान्झिस्टरचा नवा अँप्लिफायर, कर्ण्यामागं बसणारं, आवाज काढणारं नवं युनिट आणि परातीएवढ्या तोंडाचा कर्णा. तिसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही चाचणीला कळंब्याच्या तळ्यावर गेलो. चिटपाखरू नव्हतं. चिखलाचा वास येत होता.

ईरप्पानं माइक धरला. "अक्काताई... मी ईरप्पा. जिथं असशील तिथनं घरला ये. मी वाट बघतोय."

आवाज पाण्यावरून पलीकडं गेला आणि आपटून परत आला. झकास होता. फक्त मागे थोडी घरघर येत होती, म्हणून मी बॅटरीची तार काढली. लाल दिवा विझला. मी कर्ण्यामागची तारही सोडवली आणि पकड शोधायला वाकलो.

तेव्हा कर्णा बोलला.

"आलो रे तम्मा... थांब की..."

बाईचा आवाज; आमच्याकडं बायकाही 'आलो', 'गेलो'च म्हणतात. बारीक, धापा टाकणारा. ईरप्पाच्या घरात मराठी आणि कानडी दोन्ही चालायचं. धाकट्या भावाला तम्मा म्हणणारी त्याला जगात एकच होती.

कर्ण्याची तार कधीकधी रेडिओ स्टेशनही पकडते, हे मला ठाऊक आहे. पण माझ्या हातात सुटलेली तार होती. ईरप्पा रडत होता.

त्यानंतर तो रोज निघाला. कागल, मुरगूड, पुढं राधानगरीचा रस्ता. संध्याकाळी दुकानात येऊन एवढंच सांगायचा, "आजबी बोलली. कालच्यापेक्षा जवळनं."

पाचव्या दिवशी, उन्हं कलताना, मोटरसायकल दुकानासमोर उभी राहिली. अँप्लिफायरच्या पेटीवर एक उन्हानं रापलेली बाई बसली होती. अक्काताई! जिवंत, हाडामांसाची. सासरच्या मारहाणीला कंटाळून ती यात्रेतूनच एका ट्रकमध्ये चढली होती आणि राधानगरीकडं एका गोठ्यावर कामाला राहिली होती.

"मला वाटलं, कुणी हुडकलंच न्हाय," ती म्हणाली. "आज सकाळी शेण काढताना माझं नाव ऐकलं. पयल्यांदाच. तशीच पळत आलो बघा."

मी चहाचा कप खाली ठेवला. "पहिल्यांदा? मग कळंब्याला उत्तर कुणी दिलं?"

"कळंब्याला? मी कवा गेलतो कळंब्याला?"

ईरप्पा तिच्याकडं बघत राहिला. मी मात्र उठून बाहेर गेलो आणि कर्ण्याच्या सगळ्या तारा उपसल्या. शेवटची तार हातात आली आणि त्या भोकातून, माझ्या कानापाशी...

"तम्मा... थांब म्हटलं न्हवं का..."

दारात अक्काताईनं तोंडावर पदर दाबला होता. "बाई गं," ती पुटपुटली, "ह्यो तर माझाच आवाज..."

कर्णा मी दुकानात ठेवून घेतला. त्यातून पुन्हा काही ऐकू आलं नाही. ईरप्पाही आला नाही. पंधरा दिवस झाले, तसा मीच एका दुपारी त्याच्या घरी गेलो.

जेवणाची वेळ होती. ईरप्पाची बायको नीलम्मा वाढत होती. अक्काताई भिंतीला टेकून बसली होती. पोरबाळ नसलेलं घर, माणसं तीन. पानं चार मांडलेली होती. चौथ्या पानावर भाकरी, आमटी, कांदा, सगळं होतं. समोर पाट होता आणि पाटावर कुणी नव्हतं.

"मला वाढलंय का?" मी विचारलं.

नीलम्मानं नकारार्थी मान हलवली आणि घाईनं माझ्यासाठी पाचवं पान मांडलं.

मी ईरप्पाकडं पाहिलं. तो घास हातात धरून चौथ्या पानाकडं बघत होता. हळूच म्हणाला, "बोलवलं मीच की, मिस्त्री. एवढ्या लांबनं आली. आता जा म्हणायचं कसं?"

मी जेवलो. तिकडं बघायचं नाही असं ठरवूनच जेवलो. हात धुवायला उठलो तेव्हा मात्र नजर गेली. चौथ्या पानावरची भाकरी अर्धी मोडलेली होती, आणि नीलम्मा त्यात पुन्हा आमटी वाढत होती.