कोन उना?

कोरीटच्या महादेवाच्या देवळात बुवा नमनाला उभे राहिले, आणि मृदंगवाला चुडामण धापा टाकत दारात पोचला. तेवढ्यात बायकांतून हाक आली, "उना... ए उना!"

आपल्या अहिराणीत 'उना' म्हणजे आला. तो लगबगीनं म्हणाला, "हां मावशी, उनू ना."

सारं देऊळ हसलं. धनुबाई आपल्या लेकीला, उनाला, बोलवत होती. समईपाशी वाती वळणाऱ्या त्या लेकीनं मान खाली घातली... डोळे मात्र वर आले.

निरूपण नाममहिम्याचं होतं. देवालाही थट्टा आवडते, दुसरं काय.

प्रसाद घेताना चुडामणनं हळूच विचारलं, "असं कसं नाव शे तुन्हं? हाक मारी का लोक दारकडे देखतस — कोन उना?"

"नंदुरबारना दवाखानामा आयरिश नर्सबाई व्हती. तिन्हं नाव उना. मन्हा जलमले मायले अन माले तिनीच वाचाडं." तिनं प्रसादाची वाटी जवळ ओढली. "तिना देशमा 'उअन' म्हणजे कोकरू. तठेन उनं हाई नाव, अशी सांगे ती."

"कोकरू... मंग माले धनगर व्हनं पडी."

"पहिले मृदंग तं सांभाळ," ती म्हणाली. पण त्याच्या ओंजळीत खडीसाखर जरा जास्तच पडली.

पुढे मागणी गेली, लग्न ठरलं. आणि चुडामणची आई भिकुबाई अडून बसली. देवाघरी काही उणं नसतं, हे तिनं कीर्तनातच ऐकलेलं. "उणं म्हणजे कमी. असं नाव मन्हा घरमा नको. तांदूळमा लक्ष्मी लिखजो."

जिनं श्वास दिला, तिचं नाव पुसायचं? हळदीच्या दिवशी उना चुडामणला एवढंच म्हणू शकली, "माले सर्व चाली... पन नाव —"

"देखसू," चुडामण म्हणाला.

वरात शहाद्याला, चुडामणच्या घरी पोचली. ताटात तांदूळ पसरले. चुडामणनं अंगठी घेतली. उनाच्या मुठीत पदर चुरगळला. त्यानं दोनच अक्षरं काढली.

भिकुबाईला वाचता येत नव्हतं. ती वाकली. "काय लिखं रे?"

"उनी."

"कोन उनी?"

"तुन्ही सून उनी, माय. घरमा लक्ष्मी उनी."

भिकुबाईच्या तोंडावर हसू पसरलं. "उनी तं हुबी काबर ठेवी तिले? बसाड ना."

मुठीतला पदर सुटला. चौथी शिकलेल्या उनानं पुन्हा ताट वाचलं आणि कुजबुजली, "वेलांटी दिधी... मन्हा काना कोठे गया?"

"हाऊ काय," चुडामण स्वतःच्या छातीवर बोट ठेवत म्हणाला, "बाजूमाच बसेल शे."