वीरण्णांचा श्वास

उदगीरचे डाळमिलवाले वीरण्णा मेंदूच्या झटक्यातून उठले तेव्हा हातपाय, बोलणं सगळं शाबूत होतं. गेला होता तो फक्त श्वासाचा हुकूम. मेंदूच्या देठातून तो छातीपोटाच्या स्नायूंना आपोआप मिळतो, झोपेतसुद्धा. वीरण्णांना जागेपणी श्वास ओढता येई. डोळा लागला की छाती थांबे. म्हणून लातूरच्या डॉक्टर अक्षरानं त्यांना झोपताना लावायचं मशीन दिलं होतं.

आई मशीन लावूच देत नाही, स्वतःही झोपत नाही, असा त्यांच्या मुलाचा हैदराबादहून फोन आला. तशी अक्षरा रविवारी दुपारी गाडी काढून उदगीरला गेली.

वीरण्णा जेवून गाढ झोपले होते. तोंडावर मास्क नव्हता. अक्षरा धावत पलंगाशी गेली. पण त्यांचं पोट संथ वरखाली होत होतं. उशाशी खुर्चीत त्यांची बायको, उमादेवी. कपाळावरची विभूती घामानं ओघळलेली, डोळे लाल. उमादेवींना ठसका लागला. वीरण्णांचं पोट आचका देऊन थांबलं. ठसका सरला, पुन्हा हललं.

“मशीननं यांचा जीव घाबरा होतो,” त्या हळूच म्हणाल्या. “म्हणून यांच्या वाटचा श्वास मीच घेऊन राहिले.”

वीरण्णांचा मेंदू थोडा सावरला असेल, असं अक्षरानं धरलं; आणि जागरणानं माणसाला असे भास होतात, हे तिला ठाऊक होतं. तिनं समजावून त्यांना आत झोपायला पाठवलं. दारातून त्यांनी वळून पाहिलं.

“तुम्ही बसलात न्हवं खुर्चीत? मग जाते.”

अक्षरानं मास्क चढवला, मशीन सुरू केलं. तासाभरानं उमादेवी उठून आल्यावर ती निघाली.

वाटेत छाती जड वाटू लागली. काच खाली केली तरी तेच. प्रत्येक श्वास ती मुद्दाम ओढत होती.

नळेगावच्या अलीकडे उमादेवींचा फोन आला. लाईट गेली होती, मशीन बंद पडलं होतं. अक्षरानं गाडी कडेला घेतली. त्यांना आधी उठवा, असं तिनं बजावलं.

“कशाला? ब्येस झोपलेत.”

त्यांच्या आवाजामागं वीरण्णांचं घोरणं ऐकू येत होतं. संथ, सलग.

अक्षरानं श्वास रोखला.

घोरणं थांबलं.

मग उमादेवी अगदी मायेनं म्हणाल्या,

“घ्या, म्याडम.”