बांधापलीकडचा घड

योएझरला रीतभात म्हणून नव्हती. हे हग्गीथचं म्हणणं, आणि ते तिने विहिरीवर सांगितलं, तेलाच्या घाण्यावर सांगितलं, भाकरीच्या भट्टीपाशी तर रोजच सांगितलं. माणूस अर्धा जन्म यापोच्या बंदरात काढतो, बायको वारली की बापाच्या ओसाड मळ्यात परत येतो... येऊ दे बापडा. चोरासारखा भल्या पहाटे उठतो, आळशासारखा दिवसभर बांधावर बसतो... बसू दे. पण शेजारणीच्या वेलावरची गाठ सोडतो?

आणि गाठ कसली! मळ्यात उतरावं, पहिलं पिकतं फळ दिसलं की त्याला लव्हाळ्याची काडी बांधावी आणि म्हणावं, हे देवाचं. मग ते टोपलीत घालून यरुशलेमला, मंदिरात न्यावं. आधी देवाला, मग आपल्या तोंडाला. शेंबडं पोरसुद्धा त्या काडीला हात लावत नाही. हग्गीथने घडाला काडी बांधली, तर सकाळी काडी खाली. पुन्हा बांधली, पुन्हा खाली.

त्यातून हा घड साधा नव्हता. तिचा नवरा एलासा गेला त्याच्या आधीच्या हिवाळ्यात, खोकत खोकत, त्याने एवढं एकच काम केलं होतं. जुन्या वेलाची फांदी मातीत दाबून त्याने नवा वेल उठवला होता. "याचा पहिला घड तू ने," म्हणाला होता. वेलाने इतकी वर्षं नुसती पानं दाखवली. यंदा घड धरला. एकच. काळाभोर, अंगावर धुरकट लव असलेला. तो मंदिरात पोचला की एलासाचं शेवटचं काम पुरं झालं, असं हग्गीथने मनाशी धरलं होतं.

म्हणून एका पहाटे ती अंजिराच्या झाडामागे जाऊन उभी राहिली. दव पडत होतं. ओढणी ओली, पाय ओले, आणि डोकं मात्र तापलेलं.

तो आलाच. उंच, नावाड्यासारखे खांदे, दाढीत पांढरं मिसळलेलं, पायात काही नाही. बांधावरून अलगद उतरला, घडापाशी वाकला आणि ती काडी त्याने अशी सोडवली... झोपलेल्या लेकराच्या मुठीतून खेळणं काढून घ्यावं तशी. हे तिला दिसलं, आणि दिसलं म्हणून तिला जास्तच राग आला.

"हात तोडून ठेवीन!"

तो दचकला, पण पळाला नाही. "शालोम, बाई."

"शालोम गेलं खड्ड्यात! देवाच्या वस्तूला हात लावतोस? वीज पडेल तुझ्यावर!"

"तुमच्यावर पडू नये म्हणूनच सोडतोय."

"म्हणजे काय?"

"सांगितलं तर रागवाल."

"मी रागावलेलीच आहे. सांग."

"ते दिसतंय." तो जरासा हसला. "राग शोभतो तुम्हाला. पहाटे थोडा कमी करत जा, एवढंच... सगळी पाखरं उडाली."

हग्गीथचे कान गरम झाले. तिला काही शोभतं, असं गेल्या कित्येक वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं. तिच्यासमोर तसं म्हणायची गावात कोणाची छातीच नव्हती.

तो गुडघे टेकून बसला आणि बोटांनी माती बाजूला करू लागला. दबलेली फांदी दिसली. ती हग्गीथच्या मळ्यातून खाली उतरत होती, दगडी बांधाच्या पोटातून पलीकडे जात होती. पलीकडे, योएझरच्या जमिनीत, तिने मुळं धरली होती. तिथूनच तो नवा वेल उठून बांधावर चढला होता आणि इकडे, तिच्या बाजूला, लोंबला होता.

"एलासांनी ऊन बघितलं, बांध बघितला नाही," योएझर म्हणाला. "त्यांचा दोष नाही. तेव्हा माझ्या मळ्यात काट्यांशिवाय होतं कोण? पण मुळं माझ्या मातीत आहेत, बाई. जेवतो माझ्याकडे, मिरवतो तुमच्याकडे. घरजावईच झालाय माझा."

हग्गीथला हसू आलं नाही. शिकलेली नव्हती ती, पण एवढं तिला पाठ होतं. मंदिरात टोपली ठेवताना म्हणायचं असतं, देवा, तू दिलेल्या माझ्या जमिनीतलं हे पहिलं. त्यात दुसऱ्याच्या मातीचा घास असला तर ती चोरीच. मग ते फळ याचं नाही, त्याचंही नाही. दोघांपैकी कोणालाच नेता येत नाही. आणि गेल्या साली तिनेच एका बाईची टोपली भर वाटेतून परत पाठवली होती. का, तर तिच्या वेलाची फांदी रस्त्याखालून गेली होती म्हणून.

ती खालीच बसली.

"मग हे विहिरीवर सांगायचं होतंस," ती म्हणाली. आवाज जरा उतरला होता. "मी तिथे तुझ्या नावाने शंख करत होते तेव्हा."

"तुमची मान खाली गेलेली बघायला नाही आलो मी गावात. म्हटलं, काडी पडलेली दिसली की तुम्हाला वाटेल वाऱ्याने सुटली. मग न्याल दुसरं काहीतरी."

"वारा गाठी सोडतो?"

"यापोचा सोडतो."

तिने हसू खोकल्यात ढकललं.

"ही पट्टी तुम्हाला दिली, जा," तो एकदम म्हणाला. "माती तुमची, घड तुमचा."

"फुकटची माती देवापुढे मिरवू? एलासाच्या घराने असलं कधी केलं नाही."

"मग विकत घ्या."

"बापाची जमीन विकतोस? लाज नाही वाटत?"

"बरं. मग मी काय करू, तेही तुम्हीच सांगा."

"गप्प बस. तेवढं येतं का बघ."

संध्याकाळी ती छाटणीची कोयती घेऊन आली. देवाला जात नाही तर कशाला हवा? मुळाशीच तोडून टाकू, म्हणजे जिवाला घोर नाही. तोडायचं तर पलीकडून, म्हणून पहिल्यांदाच ती योएझरच्या बाजूला उतरली. आणि थांबली.

बांध नवा होता. तो दिवसभर इथे बसायचा तो हेच करत. पडलेला दगड न् दगड त्याने पुन्हा रचला होता. जिथून फांदी जात होती, तिथे मात्र दोन दगड तिरके लावून वर एक चपटा ठेवला होता. छोटंसं दार केलं होतं फांदीसाठी. दगडाने साल घासू नये म्हणून आत गवताची गादीसुद्धा भरली होती. हा माणूस ती फांदी कधीच कापू शकला असता, आणि कोणाला कळलंही नसतं.

मागून आवाज आला. "हग्गीथ, थांब."

'बाई' गेलं, 'तुम्ही' गेलं.

"तोडू नकोस. तो एलासांच्या हातचा आहे."

"तुला काय रे एलासाचं?"

"मला काही नाही," तो म्हणाला. "तुला आहे."

कोयती हातात तशीच राहिली. वारा पडला होता, दगडांना दिवसभराचं ऊन चिकटलं होतं, रानओव्याचा वास येत होता. हग्गीथने कोयती पदराखाली घेतली आणि ती बांध चढून परत गेली.

त्यानंतर ती रोज संध्याकाळी मळ्यावर जाऊ लागली. घड राखायला, असं तिचं म्हणणं. ती बांधाच्या इकडे बसे, तो तिकडे. तो जहाजांच्या गोष्टी सांगे. ती म्हणे, थापा. तो आपल्या बायकोबद्दल सांगे. तेव्हा मात्र ती नीट ऐकून घेई. जाताना मसुराच्या आमटीचं भांडं बांधावर ठेवून जाई. "उरली होती. टाकून कशाला द्यायची."

"उरलेली इतकी चांगली, तर खास केलेली कशी असेल?" तो विचारी.

"ती तुझ्या नशिबात नाही."

घरी तिची सून केझिया पीठ मळता मळता म्हणाली, "सासूबाई, हल्ली आमटी रोज उरते."

"तुझा हात सैल आहे."

"आमटी तर तुम्ही करता." केझियाने मान वर केली नाही, पण गालात हसत होती. "मी काय म्हणते, त्या घडाचं एवढं काय मनाला लावून घ्यायचं? माझ्या माहेरचा डाळिंबांचा तुकडा माझ्या नावावर आहे. त्याचं पहिलं फळ ह्यांनी नेलंच ना मंदिरात? नवऱ्याला बायकोच्या जमिनीचं नेता येतं. लग्न झालं की बांध कुठला राहतो मधे?"

हग्गीथच्या हातातली पळी थांबली.

"पीठ मळ," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी ती बांधावर येऊन बसली. बसल्या बसल्याच तिने विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"काय?"

"सोंग करू नकोस. नवरा-बायकोच्या मातीचं."

त्याने ओव्याची काडी खुडली, बोटांत फिरवली. "पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू म्हणाली असतीस, मळ्यावर डोळा आहे."

"म्हणालेच असते."

"आणि आता तू बोललीस..." त्याने काडी टाकून दिली. "तर मला जन्मभर वाटत राहील की घडासाठी बोललीस. एलासांच्या घडासाठी."

खोटं बोलायची हग्गीथला सवय नव्हती. तिने आपल्या मनात पाहिलं, आणि तिथे घड किती आणि हा माणूस किती, हे तिला तिचंच वेगळं करता येईना. ती उठली. त्या दिवशी भांडं न ठेवताच घरी गेली.

यरुशलेमची मिरवणूक निघायचा दिवस उजाडला. पुढे बैल, शिंगांना सोन्याचा मुलामा, डोक्यावर जैतुनाच्या डहाळ्यांचा मुकुट. मागे बासरीवाले, मागे टोपल्या. दरसाल टोपल्यांमध्ये सगळ्यांत पुढे हग्गीथ असायची. यंदा तिने अंगणातल्या अंजिरांची टोपली मुलाच्या, हननच्या खांद्यावर ठेवली.

"आई, तू?"

"माझे पाय दुखतात."

हनन आईच्या पायांकडे बघत राहिला. केझियाने त्याला दंडाला धरून ओढत नेलं.

मिरवणूक टेकडी उतरली. बासरीचा आवाज दरीत घुमला, बारीक झाला... मग नुसता धुरळा राहिला. हग्गीथने मळ्यात जाऊन घड तोडला. काळजात कळ आली, ती तिने येऊ दिली. डोळे पुसले, पदराला हात पुसला आणि ती बांध ओलांडून पलीकडे गेली.

योएझर आपल्या झोपडीच्या दारात उभा होता. मिरवणुकीचा धुरळा बघत होता की आणखी कशाची वाट, कोण जाणे.

"तू गेली नाहीस?"

"मिरवणूक गेली. टोपली गेली. हा राहिला." तिने घड दोघांच्या मधल्या दगडावर ठेवला. "आता हा कुठेच जायचा नाही. खा."

"हग्गीथ... हा तर एलासांचा—"

"एलासा मला ओळखून होता. तो बोलणार नाही काही. खा म्हणते ना."

दोघांनी एकेक द्राक्ष तोंडात टाकलं. ऊन अजून कोवळं होतं, द्राक्षात रात्रीचा गारवा होता.

"आंबट आहे," ती म्हणाली. "तुझी माती."

"मला गोड लागलं. तुझा वेल."

तिने पुढचं द्राक्ष उचललं. त्यानेही नेमकं तेच उचलायला हात पुढे केला होता. बोटाला बोट लागलं. कोणी हात मागे घेतला नाही. खाली दरीत बासरी आता अजिबात ऐकू येत नव्हती. मोठा घड होता, पण हळूहळू देठच उरला.

योएझर घसा खाकरून म्हणाला, "आता... आता जर मी काही विचारलं... म्हणजे तुला वाटणार नाही ना, की..."

तो अडकला. जहाजं वादळातून काढणारा माणूस, एका वाक्यात अडकला. हग्गीथने थोडी वाट पाहिली. मग तिने देठ बाजूला ठेवला, कमरेवर हात ठेवले आणि त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं,

"ऐक, योएझर. गावभर मी सांगत फिरले की तू चोर आहेस, आळशी आहेस, तुला रीत नाही. ते सगळं खोटं. माझं मीच उद्या विहिरीवर सांगेन, कोणी हसलं तर बघून घेईन. खरं एवढंच आहे की तू भित्रा आहेस. आणि असल्या भित्र्या माणसाला पलीकडे एकटं ठेवून मला झोप लागत नाही. विधवेचं लग्न गुरुवारी लागतं. दाढी विंचरून ये."